मगरीच्या उशाचा दगड

शिवय्याची जीभ शिरोलीच्या फौंड्रीतल्या भट्टीपेक्षा जास्त तापायची. फौंड्रीत साचे करता करता तो निवृत्त झाला, भट्टी सुटली. जीभ काही विझली नाही. सून शांभवीनं शाहूपुरीतून छोटा फिश टँक आणला, तेव्हा तो म्हणाला, "त्यात दुकानातला रंगवलेला दगड टाकू नगंस. असा दगड आणतो की मासं आपलं गाव इसरतील!"

पंचगंगेच्या घाटावर जाऊन आला, तर हाताला लागले फुटक्या फरशीचे तुकडे. रिकाम्या हातानं घरात शिरायचं म्हणजे थट्टा आलीच. तेवढ्यात न्हाणीमागं गोणपाटाखाली वरवंटा दिसला. काळाभोर. मिक्सर आल्यापासून त्याला विचारतंय कोण? पण टँकमध्ये मावेना, झाकण बसेना. घरात कुणी नाही असं बघून शिवय्यानं कटर काढला आणि पाणी सोडत तो मधोमध कापला. एका तुकड्याचं बूड सपाट करून सुळका उभा केला. दुसरा खालून कोरून माशांना लपायला गुहा केली. कडा खडबडीत केल्या. वरवंट्याला आरसा दाखवला असता, तर त्यानंही स्वतःला ओळखलं नसतं.

सगळ्यांनी वाहवा केली, तिथंच घात झाला.

"मामा, कुठनं आणलासा?" शांभवीनं विचारलं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडली मगर. शिरोळजवळ कृष्णेच्या डोहात, तळाला, ह्याच दगडावर डोकं ठेवून झोपलेली. पुढच्या खेपेला सांगताना मगरीला जाग आली. त्याच्या पुढच्या खेपेला शिवय्यानं तिच्या उशाला दुसरा दगड दिला, तेव्हा कुठं तिनं हा सोडला.

मग लेक सुष्मिताच्या बाळाचं बारसं आलं. पुरुष नेहमीसारखे सोप्यात, बायका आत पाळण्याभोवती. टँकशेजारी बसून शिवय्या मगरीची गोष्ट रंगवत होता, तोच आतून त्याच्या बायकोचा, रत्नव्वाचा आवाज आला.

"अवो, गुंडा कुठं गेला?"

"कसला गुंडा?"

"वरवंटा की! टोपडं घालून आधी त्याला पाळण्यात निजवायचं, मग बाळाला. सासूबाईंपासनं ह्या घरातलं हरेक बाळ त्याच्या मागनंच पाळण्यात गेलंय."

शिवय्याची नजर टँककडं गेली. जन्मभर बारशाला सोप्यात बसून पेढे खाल्ले. आत आधी दगडाचं बाळ निजतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"झुंबरबाईनं नेला असंल," रत्नव्वा म्हणाली. "मसाला वाटायला मागत हुती."

शेजारची झुंबरबाई तिथंच उभी होती, हातात बाळासाठी शिवलेली कुंची. "मी? तुमचा गुंडा मी ढापू, रत्नव्वा? तुमच्या सुष्मीला ह्या हातांनी न्हाऊ घातलंय मी!"

पाहुण्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. झुंबरबाईनं कुंची खाली ठेवली आणि बाहेर येऊन चपला शोधू लागली.

टँक शिवय्याच्या कोपराजवळच होता. बोलावं तर मगर मरते, न बोलावं तर झुंबरबाई.

"मग मगरीचं काय झालं, पावणं?" सुष्मिताच्या सासऱ्यांनी विचारलं.

"न्हाय... म्हंजे... गेली ती," शिवय्या म्हणाला आणि गप्प बसला. झुंबरबाई पदरानं डोळे पुसत पायऱ्या उतरली, तरी गप्पच. ती फाटकाची कडी काढायला लागली, तेव्हा त्याला बसवेना. झाकण उचलून त्यानं बाहीसकट हात पाण्यात घातला. दोन्ही तुकडे छातीशी धरून, निथळत, तो जन्मात पहिल्यांदा पाळण्याच्या खोलीत शिरला.

"झुंबरबाईला बोलवा," तो म्हणाला. "मी कापलाय. मगरबिगर काय नव्हती."

रत्नव्वानं तुकडे घेतले, जोडून बघितले. मधली दोन बोटं जागा भरून येईना. तिनं पदरानं पाणी टिपलं, तुकडे फडक्यात आवळून बांधले आणि वर टोपडं चढवलं. उंबऱ्यात आलेल्या झुंबरबाईच्या हातात गुंडा दिला. "चुकलं माझं, बाई. तूच निजव."

झुंबरबाईनं गुंडा घेतला, पण बघितलं शिवय्याकडं. "आण्णा, मगर सांगताना तोंड थकत न्हाय तुमचं. मी फाटकापतूर गेले, तवा काय तोंडात दगूड हुता?"

बायका खळखळून हसल्या. शिवय्याला त्या कोरलेल्या गुहेत शिरावंसं वाटलं. पण गुहा तर टोपड्यात गेली होती. सोप्यात परतायची त्याची छाती झाली नाही. न्हाणीमागं जाऊन तो रिकाम्या गोणपाटावर बसला. आत पाळणा म्हटला गेला, पेढे वाटले गेले. नातीचं नाव काय ठेवलं, हे विचारायलाही तो आत गेला नाही.