ऑस्वाल्डचा पाचवा शब्द

नेव्हिल प्रिचर्डनं चर्चच्या घंटाघरातला संगणक परत आणला, तेव्हा तो नव्या कवळीसारखा पांढराशुभ्र झाला होता. एनिड गोडार्डनं चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं आणि नाक मुरडलं.

“याची एक कळ अडकते म्हणून तुझ्याकडे दिला होता,” ती म्हणाली. “तू तर याला नवरदेव करून आणलास.”

“चाळीस वर्षांचा पिवळेपणा होता, मिसेस गोडार्ड. सगळा काढला.”

“तो पिवळेपणा ऑस्वाल्डच्या पाइपच्या धुराचा होता. तुला कोणी विचारलं होतं?”

नेव्हिल साठीचा होता, पण एनिडच्या लेखी अजून पोरगाच. तेराव्या वर्षी तो घंटाघराच्या याच खोलीत तिच्या नवऱ्याच्या हाताखाली दोर ओढायला शिकला, आणि ऑस्वाल्डनं त्याच्याकडे पाहून रोज कपाळाला हात लावला. एनिडचं मत ऑस्वाल्डहून फार वेगळं नव्हतं. जुनी यंत्रं गोळा करणाऱ्या नेव्हिलच्या मंडळाबद्दल तर तिला बोलायचीही इच्छा नव्हती. बायकोला फुलं न नेणारे हे बाप्ये यंत्रांना मात्र पावडर लावून कपाटात बसवत. त्यांतलं एक तरी यंत्र काही काम करतं का, हे कोणी विचारू नये.

हा संगणक काम करत होता. गुरुवारी सरावाला घंटांचे लोळे बांधून ठेवत, म्हणजे गावाला त्रास नको. दोर ओढला की आवाज घंटेतून न येता संगणकातून येई. आणि एकटंच माणूस आलं असेल तर त्यानं एक दोर ओढायचा, उरलेल्या पाच घंटा संगणक वाजवी. त्यासाठी ऑस्वाल्डनं स्वतः दोन जादा चिपा बसवल्या होत्या. एकीत घंटांचे आवाज. दुसरीत ऑस्वाल्ड.

म्हणजे त्याचा आवाज. फेरी सुरू करताना तो म्हणे, “चला.” कुणी चुकलं की, “थांबा.” लगेच, “कचरा.” मग जरा वेळानं, मोठे उपकार केल्यासारखं, “पुन्हा.” ऑस्वाल्ड जाऊन पंधरा वर्षं झाली तरी गावातली शिकाऊ मंडळी दर गुरुवारी त्याच्या शिव्या खात होती.

आणि पाचवा शब्द होता. संपूर्ण फेरी एकही चूक न करता वाजवली, तरच तो ऐकू येणार होता. “त्यात काय आहे?” असं एनिडनं तेव्हाच विचारलं होतं. “मिळव, म्हणजे कळेल,” असं तो म्हणाला होता. चूक कशाला म्हणायची हेही त्यानंच ठरवलेलं, त्यामुळे आजवर तो शब्द कोणालाही मिळाला नव्हता. एनिडचा उजवा खांदा आता पार गेला होता. जूनमध्ये शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर दोर बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मधल्या आठवड्यांत तिला तो शब्द ऐकायचा होता. सहाही घंटा एकेकदा वाजल्या की एक ओळ; गेल्या गुरुवारी ती फेरीच्या शेवटच्या काही ओळींपर्यंत पोचली होती.

नेव्हिलनं संगणक चालू केला. घंटा वाजल्या. ऑस्वाल्ड बोलला नाही.

“चिपेचे पाय मळले असतील,” नेव्हिलबरोबर आलेला माल्कम म्हणाला. माल्कम हा मंडळाचा अध्यक्ष. त्याला एका वाक्यात सांगता येण्यासारखं काही असलं तरी तो ते सांगत नसे. त्यानं ऑस्वाल्डची चिप उपसली, तिचे पाय पेन्सिलच्या खोडरबरानं घासले आणि परत बसवली. शांतता. मग संशय खाचेवर आला, म्हणून दोन्ही चिपांच्या जागा अदलाबदल केल्या. नव्या जागीही घंटावाली वाजली आणि ऑस्वाल्ड गप्पच राहिला. मग वीजपुरवठा, मग वायर, मग हवेतला दमटपणा. एनिड बिस्किटाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि दोघांपैकी कोणालाही देत नव्हती.

“एनिड, तुला समजेल अशा भाषेत सांगायचं तर—” माल्कम वळून म्हणाला.

“माल्कम, हे यंत्र माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर तयार झालंय. डाग अजून आहेत. मला समजेल अशा भाषेत तू गप्प बस.”

ती डबा काखेत मारून उठली आणि चिप हातात घेऊन उलटसुलट करून पाहू लागली. पाठीवर नखाएवढी काचेची खिडकी, आणि तिच्यावर छापील कागदाची नवीकोरी चिठ्ठी.

“यावरची काळी पट्टी कुठाय?”

“फार चिकट झाली होती ती,” नेव्हिल म्हणाला. “काढली. नंतर ही छान—”

“काढली कधी?”

नेव्हिलचा चेहरा उतरायला लागला. सगळ्या चिपा त्यानं धुतल्या होत्या. गॅरेज दमट, म्हणून त्या वाळवायला एका ताटलीत मांडल्या होत्या, आणि ती ताटली संगणकाच्या झाकणाशेजारी ठेवली होती. झाकण पांढरं करायला त्यानं वर दिवा लावला होता. बायकोचा, चेहरा उन्हानं रापल्यासारखा दिसावा म्हणून घेतलेला, जुना दिवा. या असल्या चिपांमधलं लिहिलेलं पुसायचं झालं तर खिडकीवर नेमका तसलाच अतिनील प्रकाश पाडतात, हे मंडळातल्या शेंबड्या सभासदालाही ठाऊक होतं. म्हणून तर ती काळी पट्टी.

“घंटांच्या चिपेची पट्टी शाबूत होती,” तो पुटपुटला. “हिची तेवढी...”

“म्हणजे हे यंत्र गोरं करायला तू माझा नवरा पुसलास,” एनिड म्हणाली.

मग नेव्हिल जिना उतरून गाडीकडे गेला आणि चिपा वाचायचं एक खोकं व लॅपटॉप घेऊन धापा टाकत वर आला.

“पूर्ण पुसली नसेल, नुसती पुसट झाली असेल,” तो म्हणाला. “वीज जरा कमी दिली की पुसटलेलंही कधीकधी वाचता येतं. दिव्याचा प्रकाश सगळ्या खिडकीवर सारखाच पडला होता. एक शब्द निघाला तर सगळे निघतील.”

त्यानं वीज हळूहळू कमी केली. पडद्यावर आकड्यांच्या ओळी हलल्या आणि स्थिर झाल्या. सुरुवातीला यादी होती, पाच शब्दांच्या पाच जागांची. त्यानं पहिली जागा वाजवली.

“चला,” ऑस्वाल्ड म्हणाला.

एनिडनं बिस्किटाचा डबा खाली ठेवला.

“थांबा,” ऑस्वाल्ड म्हणाला. “कचरा.” “पुन्हा.” एक अक्षर खरवडलेलं नाही, पाइपवाल्या घशातली घरघरसुद्धा शाबूत. नेव्हिलनं पाचवी जागा उघडली आणि त्याचा हात थांबला. पडदाभर एकच आकडा, वरपासून खालपर्यंत. पुसलेली चिप अशीच दिसते. कधीच न लिहिलेलीही अशीच दिसते.

त्यानं ओळी पुढे नेल्या, मागे आणल्या. पुन्हा पुढे नेल्या. मग लॅपटॉपकडेच बघत म्हणाला, “हा भाग माझ्या दिव्यानं पार धुऊन काढला, मिसेस गोडार्ड.”

“असं कसं होईल?” माल्कम पुढे सरसावला. “आत्ताच तू म्हणालास, प्रकाश सारखाच—”

“माल्कम, चहा ओत,” एनिड म्हणाली.

“पण मुद्दा असा आहे की—”

“थर्मास तिकडे आहे.”

तिला तो रविवार आठवत होता. ऑस्वाल्ड आवाज भरायला जॅमच्या बरण्यांमध्ये, कोठीच्या खोलीत दार लावून बसला होता, आणि ती कुत्र्याचं तोंड धरून बाहेर उभी होती. दाराआडून चार शब्द आले. “कचरा” त्यानं मनासारखा जमेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हटला. तो म्हणताना त्याला मजा येत होती. मग तो बाहेर आला आणि जेवायला बसला. पाचवा नंतर कधीतरी घातला असेल, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. जागा राखून ठेवली, आणि घालायला एक बरा शब्द सापडला नाही त्या माणसाला.

नेव्हिलचे कान लाल झाले होते. खोटं बोलायचंही त्याला धड येत नव्हतं.

“गाढव आहेस तू, नेव्हिल,” ती म्हणाली. “पहिल्यापासून गाढव.”

“हो, मिसेस गोडार्ड.”

“सोन्यासारखा शब्द घालवलास.”

“हो.”

“बिस्किट घे.”

पुढच्या गुरुवारी त्यानं ते चार शब्द नव्या चिपेत भरून आणले आणि काळी पट्टी दुहेरी लावली. पाचव्या जागी काय घालू, असं त्यानं विचारलं नाही, हे एनिडच्या लक्षात आलं. तिनं जाकीट काढलं आणि दोर धरला. “चला,” ऑस्वाल्ड म्हणाला. खांदा पहिल्या ओढीपासून ठणकत होता. ती ओळीमागून ओळ ओढत गेली. नेव्हिल भिंतीला टेकून उभा होता. ऑस्वाल्डनं कुठेही थांबवलं नाही. शेवटची ओळ वाजली, घंटा आपल्या जागी आली आणि खोलीत नुसती संगणकाची गुणगुण राहिली. एनिड दोर हातात धरून तशीच उभी राहिली, शब्द म्हणून होईल तेवढा वेळ.

मग तिनं दोर खुंटीला लावला.

“दिव्यानं पुसला, नाही का रे, गाढवा?”

“हो, मिसेस गोडार्ड,” नेव्हिल म्हणाला. “दिव्यानंच.”