विहीणबाईंचा नमस्कार

सारंगच्या लग्नात सुमित्राबाईंच्या मनात एक सल राहून गेला होता. वरमाई म्हणून कुणी त्यांचा मान केला नाही. पोरानं परदेशात, नोकरीच्या गावी, तिथल्याच चिनी हुईमिनशी रजिस्टर लग्न केलं, चार माणसांत जेवण झालं, संपलं. वाईजवळच्या शाळेत जन्मभर पहिली-दुसरीची पोरं सांभाळलेली बाई. आत धुसफुस होतीच.

पुढच्या आठवड्यात सारंग आणि हुईमिन ऑफिसला गेले, आणि विहीणबाई, मिसेस गोह, बेडोक भागातल्या आपल्या घरून सुमित्राबाईंना फिरवायला आल्या. दोघींत मिळून मोडकंतोडकं इंग्रजी. एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, दोघी नुसत्या हसत बसल्या.

तेलोक आयर रस्त्याला जुनी रंगीत दुमजली घरं, खाली दुकानं. "बिफोर, ऑल सी," म्हणत विहीणबाईंनी चपलेनं फूटपाथ थोपटला. समुद्र भर घालून केव्हाच मागे हटवलेला. तिथल्या चिनी देवळाचा उंबरा चांगलाच उंच आणि विहीणबाईंचे गुडघे दुखरे. सुमित्राबाईंनी हात दिला, तो त्यांनी मग सोडलाच नाही.

पुढे समुद्राची देवी होती. तिला नमस्कार करून विहीणबाई त्यांना थेट मागच्या अंगाला घेऊन गेल्या. तिथं कन्फ्यूशियसची, चिनी लोकांच्या आद्य गुरूची, मूर्ती. एक आई आपल्या शाळकरी मुलीला वाकायला शिकवत होती.

विहीणबाई मूर्तीपुढे वाकल्या. मग वळल्या, आणि तितक्याच खाली सुमित्राबाईंपुढे वाकल्या.

"टीचर," त्या म्हणाल्या.

"अहो, हे काय करताय! उठा, उठा!" सुमित्राबाईंच्या तोंडून मराठीच निघालं. त्यांनी विहिणीला दोन्ही दंडांना धरून सरळ केलं.

बाकावर बसल्यावर विहीणबाईंनी तुटक तुटक सांगितलं. दुसरीत असताना वडिलांनी त्यांची शाळा सोडवली. शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या, पुन्हा पुन्हा सांगत होत्या, पण वडिलांनी ऐकलं नाही. जाताना बाई रडल्या होत्या.

"हुईमिन व्हेरी हॉट टेम्पर," त्या हलकेच म्हणाल्या. "यू टीचर. यू स्कोल्ड हर, ओके. बट स्लोली, लाह."

सुमित्राबाईंना आपली आई आठवली. लग्नात ती त्यांच्या सासूबाईंपुढे हात जोडून हेच म्हणाली होती, 'चुकली तर सांभाळून घ्या.'

"आय नेव्हर बीट," सुमित्राबाईंनी कसंबसं उत्तर दिलं. "ओन्ली स्टोरी."

विहीणबाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की ती शाळकरी मुलगी मान वळवून बघायला लागली.

संध्याकाळी सारंगनं विचारलं, "कंटाळलीस का गं आई?"

"छे रे! उद्या बेडोकच्या मार्केटला चाललेय, विहीणबाईंबरोबर. तू येऊ नकोस हं मध्ये भाषांतर करायला."