वेणीमागची नीळ

मित्रांनो, मी एक जुनी छिन्नी आहे, आणि तीही बोथट. हसू नका. मला मुद्दाम बोथट केलेले आहे. धारदार छिन्न्यांचे काम दगडावर. माझे काम प्लास्टरवर, आणि तिथे धार म्हणजे घात.

माझा जन्म एका मोडक्या मोटारीच्या कमानपट्टीतून झाला. लोहाराने मला तापवले, ठोकले, पाणी दिले आणि एका मूर्तिकाराच्या कारखान्यात धाडले. तिथे भाऊ-बहीण काम करत. भावाला सगळे दादा म्हणत, बहिणीला ताई. वडिलांमागे कारखान्याला दादाचे नाव लागले. ताईच्या वाट्याला एक खिडकी आणि मी आले. पहिल्याच दिवशी तिने कानशीने माझी धार उतरवली. मला राग आला होता, खोटे कशाला सांगू?

आमच्या कामाची रीत सांगते. आधी ओल्या मातीची मूर्ती घडते. तिच्यावर प्लास्टरचा साचा चढतो. मग साचा उघडून माती काढून टाकायची आणि आत पुन्हा प्लास्टर ओतायचे. ते घट्ट झाले की बाहेरचा साचा माझ्यासारखीने ठोकून ठोकून फोडायचा. आता साचाही पांढरा आणि आतली मूर्तीही पांढरी. थांबायचे कुठे? म्हणून साच्याचा अगदी आतला थर रंगीत करतात. रंग दिसला की हात हलका करायचा. दादा त्या थरात गेरू कालवायचा, कारण वडील गेरू कालवायचे. ताई कपड्यांची नीळ घालायची. गेरूचे डाग मूर्तीला धरून बसतात, निळीचे धुतले की जातात, असे तिचे म्हणणे. "मूर्ती करतेस की धुणं धुतेस?" म्हणून दादा चिडवायचा. ताई त्याच्याकडे न बघता बादली ढवळत राहायची.

दादाच्या हातून मिशीवाले पुढारी आणि घोडे निघत. चांगले निघत, नाही म्हणवत नाही. ताईने मात्र एका वर्षी एक बसलेली बाई केली. तिला नाक नाही, डोळे नाहीत, हात तेवढे सुपाएवढे, आणि पाठीवर जाडजूड वेणी. वहिनी म्हणाली, बाई गं, हिला बघून आमची पोर घाबरायची. पोर म्हणजे दादाची सहा वर्षांची मुलगी. ती कुठली घाबरते! मूर्ती तयार झाली तशी ती त्या हातांत जाऊन बसली. ताईच्या आणि दादाच्या फोडलेल्या साच्यांचे निळे-तांबडे तुकडे वेचून ती रोज फरशीवर चित्रे काढायची.

त्या बसलेल्या बाईचा साचा फोडायला मला दोन दिवस लागले. एकाच जागी मी हरले. वेणी आणि पाठ यांच्यामधल्या फटीत माझे तोंड शिरेना. बोटभर साचा तिथेच अडकला. ताई हट्टाला पेटली होती, पण प्रदर्शनाला न्यायची गाडी दारात उभी होती. दादा म्हणाला, राहू दे, पाठीमागे कोण बघतंय? वरून तपकिरी रंग फिरवला आणि मूर्ती गेली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

अर्ज दादाने भरला होता. त्यात त्याने कारखान्याचे नाव घातले, म्हणजे स्वतःचेच. मूर्तीला पहिले बक्षीस मिळाले. दादाच्या कलेने नवे वळण घेतले, असे वर्तमानपत्रात छापून आले. ताईने जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, आता सगळीकडे बोभाटा झालाय, पुढच्या वेळी नीट सांगू. पुढची वेळ काही आली नाही. दादाही त्या वळणावर पुन्हा फिरकला नाही. मुकाट्याने घोड्यांकडे गेला.

ताईने मला आणि बादलीला उचलले आणि गल्लीच्या टोकाला भाड्याची खोली घेतली. सकाळी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची, दुपारपासून मूर्ती. तिच्या बायकांच्या पोटात आता आरपार भोके असत, आणि येणारेजाणारे त्यातून डोकावून हसत. कधी प्रदर्शन लागे, कोणी पाठ थोपटे. कोणी म्हणे, भावाची छाप दिसते हो. त्या दिवशी ती मला जरा जास्तच जोरात हाणायची. अशी चाळीस वर्षे गेली. मग तिची बोटे आखडली आणि मी डब्यात गंजत पडले.

दादा वारला. संग्रहालयाने त्याच्या मूर्ती मांडायला घेतल्या. मांडणी त्याच्या मुलीकडे होती. बसलेल्या बाईपुढे दादाच्या नावाची पाटी लागली हे कळले, तशी ताई मला पिशवीत घालून तिथे पोचली. मूर्ती माझी आहे, म्हणाली. तिथल्या अधिकाऱ्यांनी अदबीने पुरावा मागितला.

भाचीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "आत्या, बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही गं."

"भांडायला नाही आले मी," ताई म्हणाली. "तिची पाठ बघायला आलेय."

तिने मला फटीला लावले, पण बोटे वळेनात.  मग भाचीने मला स्वतःच्या हातात घेतले. चाळीस वर्षे झिजून माझे तोंड निमुळते झाले होते. या वेळी मी आत शिरले. दोन ठोके बसले, आणि एक तुकडा तिच्या तळहातावर पडला. निळा.

तिने तो उजेडात धरला. अधिकाऱ्यांनी विचारले, हे काय?

"बाबा जन्मभर गेरू घालायचे," ती म्हणाली. "नीळ आत्याची." आणि वडिलांच्या नावाची पाटी तिने स्वतःच्या हाताने काढली.

आता तिथे ताईचे पूर्ण नाव आहे. मी शेजारच्या काचेच्या पेटीत असते. मित्रांनो, अवजारांना तेल लावा, गंज चढू देऊ नका, पण माझ्या तोंडावरचा निळा डाग कोणी घासायला निघाले तर त्याचा हात धरा. आणि तुम्ही आपल्या हाताने काही घडवलेत तर त्यावर नाव त्याच दिवशी घाला. ती फट बोटभरच होती. तिच्यात शिरायला मला चाळीस वर्षे लागली.