खिळे काढा, मला टोलीवर न्या

मी फळा बोलतोय. समोरून काळा दिसतो, पण माझ्या पाठीवर राजवाड्याची खिडकी रंगवलेली आहे. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, वडसाच्या एका नाटक मंडळीत माझा जन्म झाला. हिवाळाभर टेम्पोत बसून गावोगाव फिरायचो. राजे बदलायचे, खिडकी मीच! फार तोरा होता मला.

रंग उडाला तसे मंडळीने मला टाकून दिले. पोंभुर्ण्याकडच्या एका गावातल्या निशा मॅडमनी मला मागून आणले, काळा रंग दिला आणि समाजमंदिराच्या भिंतीला चार खिळ्यांनी ठोकले. शाळा सुटली की त्या तिथे दहावीच्या मुलांना गणित शिकवत.

जंगलापलीकडच्या टोलीवरून, त्या लहानशा वस्तीवरून, पाच मुली यायच्या. त्यांतली ललिता गणितात पार कच्ची. व्हायचे होते नर्स, आणि बीजगणित दिसले की घाम फुटायचा. खडू इतका दाबायची की माझ्या अंगावर काटा यायचा. पण दिवाळीनंतर तिची उदाहरणे सुटू लागली. मला तिचा भारी अभिमान वाटायचा.

पाचची शेवटची गाडी क्लासमुळे चुकायची, म्हणून मुली पायी परतायच्या. वाघाला चाहूल लागून तो बाजूला व्हावा, म्हणून मोठमोठ्याने पाढे म्हणायच्या. एकोणतीसचा पाढा झाडांत विरेपर्यंत मी ऐकत राहायचो.

डिसेंबरात त्याच वाटेवर वाघाने टोलीच्या कोलूभाऊंना मारले. दुसऱ्या दिवशी ललिताची आई, नीलाबाई आली.

"मॅडम, ललिताले आता पाचच्या गाडीनं पाठवत जा. क्लासले थांबली तं पायीच यावं लागते."

"आत्ताच तिले जमून राह्यलं, नीलाबाई. परीक्षा जवळ आली."

"पोरगी जित्ती राह्यली पाहिजे, मॅडम. मंग परीक्षा."

पाचही मुली क्लासला यायच्या बंद झाल्या. क्लास म्हणजे समाजमंदिर, हे सगळ्यांच्या डोक्यात इतके पक्के, की मलाच टोलीवर न्यावे असे कोणालाही सुचले नाही.

ललिताचे गणित पुन्हा अडले. जानेवारीत ती आईसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेली. परीक्षेत तिचा बाक रिकामा राहिला. त्या दिवशी मॅडम माझ्यासमोर बसून रडल्या.

तिचे शेवटचे उदाहरण अजून माझ्या एका कोपऱ्यात आहे; मॅडमनी ते कधी पुसलेच नाही. 'क्ष बरोबर' एवढे लिहून, ऊन उतरले म्हणून तिने खडू ठेवला होता.

मॅडम, माझे खिळे काढा हो. मी प्लायवूडचा, अगदी हलका. राजवाडा घेऊन सगळी झाडीपट्टी फिरलोय, ही कोसभर वाट मला जड नाही. ललिता परत येईल तेव्हा मला तिच्या अंगणात उभा करा.

फक्त नेताना हात जपून लावा. तिचे उदाहरण पुसू देऊ नका.