पान उलटल्याचा आवाज

कल्याणरावांनी तिन्ही पुस्तकं मांडीवर घेतली, बोटांनी चाचपली आणि त्यातलं पाठ फाटलेलं जाड पुस्तक सगळ्यांत वर ठेवलं.

"हे पैलं. ह्याच्यापुढं बाकीची काईच न्हाईत."

समोर बसलेली बबिता हसली. ती सेलूच्या वाचनालयाची ग्रंथपाल. वर्धापनदिनाला दरवर्षी एक वाचक वर्षभरातल्या आवडत्या पुस्तकांवर बोलायचा आणि यंदा तो मान कल्याणरावांना मिळाला होता. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेलेले. पुस्तकं वाचून दाखवायची त्यांची सून महेश्वरी. मुलगा शिवप्रकाश अपघातात गेला तेव्हापासून दुपारची घरातली शांतता दोघांनाही सोसेना. त्या शांततेपायीच ही पुस्तकं सुरू झाली.

सगळी हयात सरकी-पेंडीच्या दुकानात गेलेल्या कल्याणरावांना आनंद लपवता येत नव्हता. गल्लीत सांगून झालं होतं, पाहुण्यांना फोन झाले होते, रविवारच्या कार्यक्रमासाठी धोतर इस्त्रीला गेलं होतं.

"काय आवडलं ह्यातलं, काका?"

"शेवट! मेंढरं राखणारा बिरदेव पुरात सापडतो. आपल्याला वाटतं, संपला. पर न्हाई. आठ दिसांनी दारात उभा! बायको काई बोलत न्हाई, नुसती चुलीवर तवा ठिवते. त्या तव्यापाशी मी लय रडलो, बघ."

बबिता गोंधळली. "पण काका, तो तर पुरातच जातो ना?"

"कोन म्हनतं?"

"पुस्तकात तसंच आहे. बायको नदीवरून त्याचं घोंगडं घेऊन येते. तिथंच संपतं."

"तू दुसरं कोन्तं वाचलं असशील."

बबितानं पुस्तक उघडून शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. घोंगडं आलं, तवा काही आला नाही. कल्याणरावांनी घाईघाईनं दुसऱ्या पुस्तकाचा शेवट सांगितला, त्यातली बाळंतीण वाचते तो. बबिता नुसतं "हं" म्हणाली. ते हं कसलं हे त्यांना कळलं. तिसऱ्याचं त्यांनी विचारलंच नाही. त्यात एक बाप पालमच्या एसटी स्टँडवर मुलाची वाट बघतो आणि मुलगा शेवटच्या गाडीनं येतो. तो आलेलाच त्यांना हवा होता.

बबिता अवघडून उठली. "रविवारी रिक्षा पाठवते," एवढं म्हणून गेली.

कल्याणरावांचं डोकं भणभणायला लागलं. पेंड चिमटीत धरून भेसळ ओळखणारा माणूस, आणि वर्षभर काय ऐकत बसला? आवडलं ते नक्की काय, पुस्तक की आणखी काही? त्यांना धड रागावताही येईना. राग धरायला जावं, तर तो तवा आठवायचा. मग एक गोष्ट ध्यानात आली. महेश्वरी वाचताना पानं सळसळायची, पण शेवटाला आली की तो आवाज थांबायचा आणि वाचन मात्र चालू राहायचं. सगळ्याच पुस्तकांचं शेवटचं पान लांबलचक असतं, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली होती.

महेश्वरी गिरणीतून दळण घेऊन आली.

"बिरदेव पुरात जातो का परत येतो?"

डबा खाली टेकला.

"जातो, मामा."

"मंग मला का..."

"आत्याबाई श्रावणात माझ्याकून पोथी वाचून घ्यायच्या. वाचन मरणापाशी आलं की तिथं पोथी बांधू द्यायच्या न्हाईत. चांगलं काई येईस्तोवर पुढं वाचायला लावायच्या. ह्या पुस्तकांत पुढं काईच नव्हतं. मरणावर पुस्तक मिटायला मला जमंना, मामा. ह्या घरात तर न्हाईच."

आत्याबाई म्हणजे महेश्वरीची सासू, त्यांची गेलेली बायको मल्लम्मा; तिचा तो नेम त्यांना चांगला ठाऊक होता. पोथीपायी चहा खोळंबला म्हणून ते तिच्यावर कितीदा तरी करवादले होते.

"आन रविवारी मी काय सांगू? लोक हसतील. म्हनतील, म्हाताऱ्यानं काई वाचलंच न्हाई."

"लिव्हलंय तेच सांगा. मी आता खरं वाचून दाखवते."

ती त्यांच्या शेजारी बसली. तिसरं पुस्तक घेऊन तिनं शेवटची पानं काढली. पानं सळसळत होती. बाप बाकावर बसलेला, गाड्या येत-जात होत्या. मग मुलगा ज्या गाडीत होता ती घाटात उलटल्याची बातमी आली. महेश्वरीनं नेटानं वाचलं. बाप उठला, त्यानं बाकावर अंथरलेला टॉवेल झटकला आणि घडी करून खांद्यावर टाकला.

"संपलं," ती म्हणाली.

कल्याणरावांना शिवप्रकाशची चप्पल आठवली. ती अजून दाराआड होती; दोघांपैकी कुणीही ती हलवली नव्हती. पुस्तक मिटताना पुठ्ठा करकरला तसा त्यांनी हात पुढं केला.

"मिटू नको."

"पुढं काई न्हाई, मामा."

"पुढं वाच. मला रविवारी तेच सांगायचंय."

महेश्वरीनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं ती हळू आवाजात वाचू लागली. बाप स्टँडाच्या फाटकापाशी पोचला होता, तेवढ्यात मागं शेवटची गाडी येऊन थांबली.

कल्याणरावांनी चाचपत चाचपत तिच्यासाठी पान उलटलं.