रक्ताच्या परीक्षेत पास झालेले पक्षी

मी एक जुनी कापडी पिशवी आहे. जाळ्यात सापडलेला पक्षी तपासणीपर्यंत माझ्या पोटात राहायचा. अंधारात पक्षी शांत होतो, मित्रांनो. मी इतके पक्षी पोटात वागवले की एकदा दोरीवर वाळत असताना आपली आपण उडाले आणि तळं ओलांडून आले. खोटं वाटत असेल तर वाऱ्याला विचारा.

माझी मालकीण पक्ष्यांची डॉक्टर. जाळं लावायचा तिचा धाकटा भाऊ. तळ्याकाठच्या लव्हाळ्यातले छोटे तपकिरी पक्षी दुसरीकडे कुठेच उरले नव्हते आणि नेमकी त्यांच्यातच साथ शिरली. चोचीभोवती फोड आले, डोळे चिकटले, की संपलंच. तेव्हा धडधाकट पक्षी निवडून दूरच्या पिंजरेघरात न्यायचं ठरलं. जागा मोजक्यांनाच होती.

मालकिणीची, म्हणजे ताईची, परीक्षा झटपट. रक्ताचा थेंब जंतूंवर सोडायचा. रक्तातल्या फौजेने जंतू मारले की पक्षी पास. दुसरी परीक्षा वेळखाऊ. पंखाच्या कातडीत शरीराला डिवचणारं औषध टोचायचं आणि दुसऱ्या दिवशी सूज बघायची. इथे सूज आली तर शाबासकी, कारण शरीरातली दुसरी फौज धावून आली असं समजायचं.

भाऊ म्हणाला, "ताई, एक दिवस थांब. सूजही बघू."

"रक्त एवढं जोरदार आहे, म्हणजे बाकीचंही असणारच. तुझ्या सुजेपायी उद्यापर्यंत आणखी मरतील."

साथ खरोखरच झपाट्याने पसरत होती. पास झालेले गाडीत गेले. नापासांसाठी माझं तोंड लव्हाळ्यापाशी उघडलं.

पिंजरेघरात पहिला फोड दिसला आणि मग थांबेना. रक्तातली फौज उघड्यावरच्या जंतूंना पुरून उरायची, पण ही साथ शरीराच्या आत दडून बसणारी. तिला हुडकणारी फौज वेगळीच. कधी दोन्ही फौजा तगड्या असतात, तर कधी एकीला पोसताना दुसरी उपाशी राहते. मेलेले पक्षी माझ्यातूनच पुरायला नेले. पोटात काहीच फडफडत नव्हतं. 'मी सांगत होतो' असं भाऊ एकदाही म्हणाला नाही, आणि ताईला तेच जास्त लागलं.

पुढे दोघांनी पुन्हा जाळं लावलं. नापास केलेली एक मादी सापडली, फोड सुकून नुसते वण उरलेली. ताईने सुई काढली.

"राहू दे आता," भाऊ म्हणाला. "जगली ना ती."

"एकटीच जगली रे."

सुई डबीत गेली. मादी लव्हाळ्यावर बसून बराच वेळ साद घालत राहिली. उत्तर आलं नाही.

मित्रांनो, ज्याला जपायचं त्याची एकच बाजू बघून निर्धास्त होऊ नका. जाळं हल्ली रिकामंच येतं. ताई मात्र मला उकळते, उन्हात वाळवते आणि घडी घालून खांद्यावर टाकते.