खाऱ्या पाण्यातलं रोप

मुरारी. घेतलं नवऱ्याचं नाव, आता या वयात कसली लाज? उमरठचा माणूस, डोंगरात वाढलेला. तिथं ओहोळाला दगडमातीची आडवण घालून पाणी धरतात, तेव्हा कुठं भात होतं. पाणी वाया गेलेलं बघितलं की हातातला घास टाकून धावायचा. अशा माणसाला माझ्या बापानं, रावजीनं, तुडीलला खाडीकाठच्या शेतावर आणून बसवलं.

कारण माझा भाऊ हैबती. मुंबईत गिरणीला लागला आणि चिखलात पाय घालणार नाय असा निरोप धाडला. आबा भडकले. चार माणसांत माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जावयबापू, यंदाचं भात तुमी घरात आणलं, तर बांधाकडचं शेत तुमच्या नावावर करतो." उमरठला आमच्या वाट्याला येऊन येऊन काय, दोन दगडी वाफे. मुरारी असा हरखला की लावणीला सगळ्यांच्या आधी चिखलात आणि सगळ्यांच्या मागनं बाहेर. रोप असं उठलं की बघणाऱ्याची दृष्ट लागावी.

श्रावणात पावसानं ओढ दिली, शेताला भेगा पडायला लागल्या. मी तेव्हा नुकती बाळंत झालेली. आमच्याकडं खाडीच्या बांधाला उघाडी असते, म्हणजे फळीचं दार. ओहोटीला शेतातलं जादा पाणी बाहेर सोडतं, भरतीला आपोआप मिटतं आणि खारं पाणी आत येऊ देत नाय. नारळी पुनवेच्या उधाणात त्या फळीत ओंडका अडकला. दार उघडंच राहिलं आणि पाणी भळाभळा आत आलं.

मुरारी बघतो तर शेत भरलेलं! त्याला वाटलं देव पावला. त्याच्या लेखी ती खाडी म्हणजे सावित्री नदीच की, पोलादपूरला लोक ओंजळीनं पितात ती. पाऊस हटला की इथं तीच नदी खारी होते, हे डोंगरातल्या माणसाला कुणी सांगायचं? पाणी ओहोटीला परत जाऊ नये म्हणून त्यानं आतनं मातीचा बंद घातला, चांगला चोपून. त्या कामात त्याचा हात धरणारा कोण नव्हता.

मग पळत अंगणात आला. मी खोलीत पोर कुशीत घेऊन पडलेली, मला नुसता आवाज आला, "मामा, शेतात पाणी उभं हाय!" मला वाटलं वरनं वहाळ आला असंल. आबा शेतावर जाऊन आले. काय बोलले नायत.

थोड्याच दिवसांत पानं मिटली, शेंडे करपले. मुरारी वेडापिसा झाला. पाण्यात उभं राहून सुकतंय कसं? पाणी कमी पडत असंल म्हणून त्या खुळ्यानं पुढच्या भरतीला बंद फोडून आणखी आत घेतलं.

शेवटी माझ्या आयेनं त्याला समजावलं. तोवर सगळं गेलं होतं. "काकडीच्या फोडींना मीठ लावलं की काय होतं, बाबा? पाणी सुटतं ना? मुळाचं तसंच. त्याला बारीक साल असते, तिच्यातनं ते पाणी पितं. बाहेर गोडं असलं तर पाणी आत जातं. बाहेर मीठ वाढलं की उलटं होतं, रोपातलंच पाणी बाहेर ओढलं जातं."

"म्हणजे माझं रोप तहानेनं मेलं?"

"तहानेनंच."

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर आबांचे पाय धरले. "मामा, तुमचं शेत मी मारलं." आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "होतं, जावयबापू. तुमाला काय ठावं? जावा सुखानं उमरठला." शेजारचा कुशाबा म्हणाला, "रावजी, मन मोठं हाय बाबा तुझं."

आत आये माझ्या उशाशी येऊन बसली. "आवडे, त्यांनी चाखलं होतं गो. पुनवेलाच. तांब्यात पाणी आणलं, तोंडात घेतलं आणि थुंकले. जावयांना सांगा म्हटलं, तर माझ्यावरच धावून आले."

माझा बाळंतपणाचा विटाळ फिटला नव्हता. तशीच पोर घेऊन अंगणात गेले. बाया मागं सरल्या. सरू देत!

"आबा, पाणी चाखलं होतं ना तुमी?"

"चाखलं होतं."

"मग बोलला का नाय?"

"गिरण्यांचा संप लागलाय. हैबती परत येतोय." बाजारात भाव सांगावा तसे बोलले. "भात काय, एका सालाचं जातं. दोन पावसाळ्यांत जमीन धुऊन गोडी होते. नाव लागलं की मात्र परत येत नाय."

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. हाच का तो माणूस, ज्यानं मला खांद्यावरनं जत्रेला नेलं? कुशाबा खाली बघत राहिला. बाकीचे पण.

मुरारी अजून वाकलेलाच होता. त्यानं डोक्यावरचा हात हळूच बाजूला केला आणि उभा राहिला.

"मामा, शब्द परत द्या म्हणाला असता, तर मी दिला असता."

"ठावं हाय मला," आबा म्हणाले. "पण चार माणसांत शब्द दिला होता. तो कसा मोडू?"

आम्ही त्याच पावली निघालो. तुडीलला अजून सांगतात, रावजी शब्दाचा पक्का माणूस.